पानगळीत एकटीनं कड्यावरच्या व्ह्यूपॉइंटला: निघायचं कधी, मागे फिरायचं कधी?

पाऊलवाट

पुढच्या आठवड्यात एका दिवसाचा ट्रेक ठरवतेय, एकटीनंच. जाऊन-येऊन १४ किमी. वाट ९०० मीटर उंचीवर सुरू होते आणि कडा १८०० मीटरवर आहे. पहिले ५ किमी रानातून सावकाश चढत जातात (४५० मीटर), उरलेल्या २ किमीत तेवढीच उंची एकदम गाठायची आहे. तिथे उभी चढण आणि मधे थोडा घसारा (सुट्या दगड-मातीचा घसरडा उतार). त्याच वाटेनं परत यायचं. सूर्योदय ६:५० ला, सूर्यास्त ५:५० ला. निम्मी पानं गळून वाटेवर पडलीत, पायथ्याला रात्रीचं तापमान २-३ अंशांपर्यंत उतरतंय. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे.

प्रश्न असे: किती वाजता निघावं? पश्चिमेचा कडा असल्यानं सूर्यास्त बघूनच उतरावं असं मनात आहे, ते कितपत बरोबर? पानांखाली गेलेली वाट कशी ओळखायची? आणि एकटीनं जाताना सॅकमध्ये नेहमीपेक्षा जास्तीचं काय हवं?

---

कंटूर

आधी हिशोब करू, बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये दिलेला नियम आजही चालतो. आजच्या मापात तो असा: सपाटीला ताशी ५ किमी, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्तीचा. तुमचे ७ किमी म्हणजे ८४ मिनिटं, ९०० मीटर चढ म्हणजे ९० मिनिटं. एकूण १७४. हा वेळ धडधाकट माणसाचा, न थांबता, चांगल्या वाटेवरचा. पानांनी भरलेल्या वाटेवर पाऊल बघून टाकावं लागतं, म्हणून त्यात चौथा हिस्सा मिळवा: साधारण ३ तास ४० मिनिटं. त्यावर २० मिनिटांची विश्रांती धरली की चढाईला चार तास.

उतरताना लोक निम्मा वेळ धरतात आणि तिथेच फसतात. एरिक लँगम्यूर या ब्रिटिश गिर्यारोहकानं पुढे नेस्मिथच्या नियमात उताराची दुरुस्ती केली: ५ ते १२ अंशांच्या उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाचतात, पण उतार १२ अंशांहून तीव्र झाला की तेवढीच १० मिनिटं वाढतात. तुमचे वरचे २ किमी जेमतेम १२ अंशांच्या पलीकडे जातात. खालच्या रानात जी मिनिटं वाचली असती ती पानं खातील, म्हणून ती धरू नका. ८४ अधिक १५, आणि त्यावर चौथा हिस्सा: २ तास ५ मिनिटं.

आता मागून पुढे या. सूर्यास्ताच्या दीड तास आधी, म्हणजे ४:२० ला, खाली पोचायचं ठेवा. मग कडा २:१५ ला सोडायला हवा. आपण २:०० धरू. ही तुमची फिरण्याची वेळ. दोन वाजले की जिथे असाल तिथून मागे वळायचं, कडा पाचशे मीटरवर दिसत असला तरी.

दीड तास उगाच ठेवलेला नाही. समजा कड्यावरून निघतानाच पाय मुरगळला आणि वेग निम्म्यावर आला. दोनला निघून ४ तास १० मिनिटं लागली तर तुम्ही ६:१० ला खाली पोचता. सूर्य बुडून वीस मिनिटं झालेली असतील, पण संधिप्रकाश अजून असेल. म्हणजे एक मध्यम दर्जाचा घोटाळा या वेळेत मावतो. सूर्यास्तालाच निघालात तर काहीच मावत नाही.

निघायची वेळ ७:३०. साडेअकराला वर. पाऊण तास बसलात तरी अडीचपर्यंत खाली. मधला थांबा महत्त्वाचा: रान संपून उभी चढण सुरू होते तिथे या हिशोबानं ९:५० च्या आसपास पोचायला हवं. तिथे ११ वाजून गेले असतील तर तुम्ही दीडपट वेळ घेताय, आणि उतरतानाही तसाच घ्याल. त्या वेगानं कड्याला जेमतेम शिवून यावं लागेल. अशा वेळी उभ्या चढणीला हात लावू नये.

---

खिंडीपल्याड

कंटूर यांचा हिशोब बरोबर आहे, पण सूर्यास्ताला इतकं सरसकट नाही म्हणायला नको. वाट पायाखालची असेल, चांगला हेडटॉर्च असेल, चांदणी रात्र असेल तर लोक उतरतातच की. पश्चिमेच्या कड्यावर जाऊन दुपारी परतायचं म्हणजे अर्धंच बघितल्यासारखं.

---

कंटूर

पायाखालची असेल तर. इथे ती नाहीये. ५:५० ला सूर्य बुडाला, लगेच निघालं, तरी वरच्या २ किमीच्या उताराला वरच्याच हिशोबानं ५० मिनिटं लागतात. मध्यम अक्षांशांवर संधिप्रकाश अर्ध्या तासाच्या आसपास टिकतो. म्हणजे घसाऱ्याचा शेवटचा भाग अंधारात, आणि त्यानंतर ५ किमी पानांनी झाकलेलं रान टॉर्चच्या उजेडात. टॉर्चच्या उजेडात पानं सगळी एकाच रंगाची दिसतात आणि वाटेचा खोलगटपणा अजिबात कळत नाही. चांदणं रानात उपयोगाचं नसतं. आठ वाजतील खाली यायला. दोघं-तिघं असतील आणि वाट आधी दिवसा केलेली असेल तर माझी हरकत नाही.

---

निवांत चढ

प्रकाशाबद्दल थोडं, कारण "पश्चिमेचा कडा म्हणजे सूर्यास्त" हे गणित मला तितकंसं पटत नाही.

कड्यावरून पश्चिमेला बघताना सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो. समोरचे डोंगर, खालची दरी, पानांचे रंग सगळं उजळलेलं दिसतं आणि दूरवरचंही स्वच्छ दिसतं. दुपारी तीननंतर सूर्य समोर येतो, दरीत धुरकटपणा भरतो, डोंगरांच्या नुसत्या कडा उरतात. सूर्यास्त सुंदर असतो, मान्य, पण तो आकाशाचा असतो. पानगळीचे रंग बघायचे असतील तर साडेअकरा ते एक हीच वेळ बरी. भर दुपारचा प्रकाश सपाट असतो ही उन्हाळ्यातली तक्रार आहे. उत्तर गोलार्धात ४५ अक्षांशावर ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो, त्यामुळे सावल्या लांब राहतात आणि उठाव मिळतो. त्याच कारणानं उत्तरेकडे तोंड असलेल्या खोल घळी दिवसभर सावलीतच असतात. त्यांचे फोटो येणार नाहीत, आणि तिथे पायाखाली दव गोठलेलं सापडेल, हेही लक्षात ठेवा.

सकाळी पायथ्याला दाट धुकं दिसलं तर लगेच बेत रद्द करू नका. वारा नसलेल्या, निरभ्र रात्री थंड हवा उतरून दरीत साचते आणि धुकं तिथेच अडकतं. वर सूर्य असतो. अशा दिवशी कड्यावरून खाली ढगांचा समुद्र दिसतो, आणि त्यासाठीही सकाळच हवी, कारण दहा-अकरापर्यंत ते बऱ्याचदा विरतं. मात्र वारा सुटलाय आणि माथ्यालाच ढगाची टोपी बसलीये, असं असेल तर वर पोचून दिसणार काही नाही. तो दिवस खालच्या रानातच घालवावा.

---

हळूहळू

वाट ओळखण्याबद्दल.

पानगळीत होतं असं: पायवाट ही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी खोल असते, वाऱ्यानं पानं आधी तिच्यातच भरतात. मग वाट आणि रान एका पातळीला येतात. त्यात झाडं उघडी पडल्यामुळे दोन झाडांमधली प्रत्येक मोकळी जागा वाटच वाटते. उन्हाळ्यात झुडपांनी जी हद्द आखून दिलेली असते ती पुसली जाते. म्हणून नजर पायाजवळ न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवायची. तिथून वाटेची रेघ कळते: उतारावर आडवी कोरलेली पट्टी, करवतीनं कापलेल्या ओंडक्याची सरळ टोकं, पावलांनी घासून गुळगुळीत झालेली मुळं, दगडावर बुटांनी पडलेले फिकट ओरखडे. झाडावर रंगाच्या खुणा असतील तर एक दिसल्यावर पुढची शोधा, आणि ती दिसेपर्यंत मागची कुठे होती ते डोक्यात ठेवा.

पाच मिनिटं चाललात आणि एकही खात्रीची खूण नाही, तर थांबा. पुढे "बहुतेक हीच" म्हणत जाऊ नका. शेवटची पक्की खूण जिथे दिसली तिथपर्यंत मागे जा, आणि नीट मागे जा. तिरकं कापून वाट गाठायचा मोह टाळा. जनावरांच्या वाटा पानगळीत फार फसव्या असतात. त्या सुरुवातीला माणसांच्या वाटेइतक्याच ठळक असतात, मग झुडपाखालून जायला लागतात. डोकं वाकवून जावं लागतंय म्हणजे ती वाट माणसांची नाही.

जाताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा आणि त्या बाजूनं एक फोटो काढा. परतताना तुम्हाला तेच दृश्य दिसणार आहे, जाताना समोर दिसलेलं नव्हे. चढताना दोन वाटा एकत्र येतात ते लक्षातही येत नाही, उतरताना तोच फाटा होतो आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

फोनमधला नकाशा आधी उतरवून घ्या आणि घरीच फोन विमान मोडवर टाकून उघडतोय का ते तपासा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाच्या चित्राला लागतं, आणि ते आयत्या वेळी कळतं. दाट झाडीत ठिपका ५-१० मीटर इकडेतिकडे असतो, घळीत त्याहून जास्त. त्यामुळे स्क्रीनवर रेघेवर उभे आहात म्हणजे पायाखाली वाट आहे असं समजू नका. कागदी नकाशाही असू द्या, त्याला बॅटरी नाही.

---

घसारा

घसरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

ओल्या पानांची भीती सगळ्यांना असते, सुक्यांची नसते. उतारावर सुक्या पानांचा जाड थर स्वतःच सरकतो, बुटाची नक्षी कितीही खोल असो, ती जमिनीपर्यंत पोचतच नाही. अशा जागी टाच आधी रोवायची नाही. पाऊल पूर्ण सपाट टाकायचं, गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान. पानांत पाय सरकवत नेऊ नका, आतल्या मुळात अडकतो. काही झाडांखाली कठीण गोल बियांचा सडा असतो, त्या बुटाखाली गोट्यांसारख्या फिरतात. तिथे वाटेची कडा धरून चाला.

ट्रेकिंग पोल असतील तर त्यांची रबरी टोपी काढून सॅकमध्ये टाका. ती खडकावर ठीक, ओल्या पानांवर ती घसरते. उघडं धातूचं टोक पानांचा थर फोडून मातीत रुततं. आणि पाऊल टाकण्याआधी पोलनं चाचपता येतं की खाली खड्डा आहे की दगड. उतरताना पोल ५ ते १० सेंमी लांब करा. कडा सोडण्याआधी बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा, बोटांवर थोड्या सैल. नाहीतर पाऊल पुढे सरकून अंगठ्याची नखं काळी पडतात.

लाकडी पूल, फळ्यांच्या वाटा आणि झऱ्याशेजारचे दगड सकाळी गोठलेले असतात. काळा चमकदार दगड दिसला तर तो ओला नसून बर्फाचा पापुद्रा असू शकतो. उलट, मातीची चढण सकाळी थंडीनं घट्ट असते आणि दुपारी उतरताना तीच चिखल होते. "वर जाताना काही त्रास झाला नाही" हे परतीच्या वाटेसाठी काही सांगत नाही.

कड्याच्या काठावरही पानं साचतात आणि काठ आहे त्यापेक्षा अर्धा मीटर पुढे असल्याचा भास होतो. दोन मीटर मागे राहा. फोनच्या स्क्रीनमध्ये बघत एक पाऊलसुद्धा टाकू नका, मागे तर नाहीच.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. सूर्यास्त रद्द, साडेसातला निघते. दोन गोष्टी अजून: कपडे नेमके किती? हवामानाचा अंदाज पायथ्याच्या गावासाठी दुपारी १२ अंश आणि वरच्या धारेवर ताशी ३० किमी वारा सांगतोय. आणि कुणाला काय सांगून जायचं? "संध्याकाळपर्यंत येते" एवढं पुरेल का?

---

निवांत चढ

हवा सरासरीनं दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. तुमची चढण ९०० मीटर, म्हणजे गावात १२ तर कड्यावर ६. ताशी ३० किमी वाऱ्यात ६ अंश अंगाला १ अंशासारखे लागतात. आणि तुम्ही तिथे घामेजून पोचणार, ही त्यातली खरी अडचण.

सुती कपडा अंगाला लागून नको. तो घाम धरून ठेवतो आणि थांबलं की गार पडतो. आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक, त्यावर पातळ फ्लीस, सॅकमध्ये वारा-पाऊस अडवणारं जाकीट आणि एक जाड गरम थर, जो फक्त थांबल्यावर घालायचा. हातमोजे, कान झाकणारी टोपी. निघताना जराशी थंडी वाजली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत गरम व्हायला लागलं तर तिथेच एक थर काढा, घाम येण्याआधी. कड्यावर पोचल्यावर क्रम उलटा: आधी आतला ओला थर बदला, जाड कपडा चढवा, मग फोटो. थंडी वाजायला लागल्यावर कपडे काढायला गेलात तर ऊब परत यायला फार वेळ लागतो.

थंडीत तहान कळत नाही. २ लिटर न्या आणि दर अर्ध्या तासाला थोडं प्या. वाटेवरचा झरा या मोसमात आटलेला असू शकतो, त्याच्या भरवशावर बाटली रिकामी नेऊ नका.

---

कंटूर

"संध्याकाळपर्यंत येते" हे पुरत नाही, कारण संध्याकाळ नेमकी कधी संपते ते ऐकणारा ठरवतो आणि तो रात्री दहापर्यंत वाट बघतो. लिहून द्या. कुठली वाट, कुठून सुरू आणि कुठे शेवट, गाडी कुठे लावली, जाकीट आणि सॅकचा रंग, फोन नंबर. मग दोन वेळा: खाली पोचायची अपेक्षित वेळ (३:००) आणि मदत मागवायची वेळ (६:३०). साडेसहापर्यंत निरोप आला नाही तर त्यानं कुणाला फोन करायचा तो नंबरही लिहून द्या. त्या भागातल्या बचाव यंत्रणेचा, निघण्याआधी शोधलेला. आणि एकदा दिलेली वाट बदलायची नाही. वर गेल्यावर शेजारची धार कितीही बोलवू दे, शोधणारे लोक दिलेल्या वाटेवरच येणार. खाली पोचल्यावर निरोप द्यायला विसरू नका, नाहीतर तुम्ही आरामात बसलेल्या असताना लोक टॉर्च घेऊन डोंगर चढतील.

एकटीसाठी जास्तीचं: हेडटॉर्च २००-३०० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) आणि त्याच्या सुट्या बॅटऱ्या. फोनचा टॉर्च यात धरू नका, तो हात अडवतो आणि ज्या बॅटरीवर मदत मागायची तीच खातो. लिथियम-आयन बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, म्हणून फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात, अंगाजवळ. नेटवर्क येत-जात असेल तर फोन सतत टॉवर शोधत बॅटरी संपवतो; विमान मोडवर ठेवा. कॉल लागत नाही तिथे एसएमएस कधीकधी निघून जातो. शिट्टी गळ्यात किंवा सॅकच्या पट्ट्याला, आत नको. आल्प्समधून रूढ झालेला संकेत असा: एका मिनिटात ६ शिट्ट्या, मग मिनिटभर थांबा, परत ६. उत्तर ३ शिट्ट्यांचं येतं. काही देशांत मदतीसाठी तीनचाच संकेत वापरतात. कुठलाही असो, थांबून-थांबून, नियमित वाजवत राहा. चंदेरी आपत्कालीन पिशवी (नुसत्या चादरीपेक्षा पिशवी बरी, वाऱ्यात उडत नाही), क्रेप बँडेज, लायटर. सगळं मिळून सॅक ५-६ किलोच्या वर जाऊ नये.

---

हळूहळू

पाय मुरगळला तर काय, तेही आधीच ठरवून ठेवा. बूट लगेच काढू नका. सूज आली की परत चढणार नाही. बुटावरूनच बँडेज गुंडाळा आणि चार पावलं टाकून बघा. चार पावलं टाकता येत असतील तर पोलच्या आधारानं हळूहळू उतरा. येत नसतील तर चालायचा हट्ट नको, तिथेच थांबून मदत मागवा. थांबायचं ठरलं की पहिलं काम: सॅक खाली घालून तिच्यावर बसा, कारण जमीन वाऱ्याइतकीच ऊब खेचते. असतील ते सगळे कपडे अंगावर, पिशवीत शिरा, काहीतरी खा. थंडीनं कुडकुडणं ठीक आहे. बोटांना चेन लावता येईनाशी झाली किंवा बोलणं जड झालं तर शरीर हरायला लागलंय. आणि ऊब न मिळता कुडकुडणं आपोआप थांबलं तर ते सगळ्यात वाईट लक्षण.

---

खिंडीपल्याड

एक राहिलं. बऱ्याच देशांत पानगळ हाच शिकारीचा हंगाम असतो. तुमच्या रानात परवानगी आहे का ते वनखात्याच्या फलकावर किंवा संकेतस्थळावर बघा. असेल तर सॅकवर भडक केशरी कापड बांधा. तपकिरी, राखी जाकीट त्या दिवशी घरी ठेवा. अस्वलांचा प्रदेश असेल तर ती या दिवसांत हिवाळ्यासाठी चरबी साठवत दिवसाचा बहुतेक वेळ खात असतात. एकटा माणूस आवाज करत नाही, म्हणून आंधळ्या वळणांआधी मोठ्यानं बोला किंवा टाळ्या वाजवा. कानात गाणी नकोत. हरणांच्या नरांचाही हा माजाचा काळ असतो, दिसले तर लांबून वळसा घाला.